यंत्रात न मावणारा ओंडका

छोट्या फिरत्या सॉमिलवर (आडव्या बँडसॉने लाकूड चिरणाऱ्या यंत्रावर) मोठा ओंडका चढवण्याआधी यंत्राची तीन मापं घ्यावीत: पात्याला दोन्ही बाजूंनी आधार देणाऱ्या गाईडमधलं अंतर, उभ्या खांबांमधलं अंतर आणि पात्यापासून वरच्या आडव्या चौकटीपर्यंतची उंची. पहिल्यावरून कापाची रुंदी ठरते. अख्खा ओंडका मधून जाईल का, हे दुसऱ्यावरून कळतं, आणि एका वेळी किती जाड थर निघेल हे तिसऱ्यावरून. बरेच जण पहिलंच माप बघतात, ओंडका त्याहून जाड दिसला की लगेच चेनसॉने उभा चिरतात. बहुतेक वेळा त्याची गरजच नसते.

वरून थोडंसंच खाली उतरलेल्या पात्याला ओंडक्याचा पूर्ण व्यास कापावा लागत नाही, कापावी लागते ती वर्तुळाची जीवा. समजा गाईडमध्ये ६० सें.मी. जागा आहे आणि ओंडका ७६ सें.मी.चा आहे. वरून ९ सें.मी. खोल काप घेतला तर त्याची रुंदी साधारण ४९ सें.मी. भरते, म्हणजे पातं आरामात जातं. ओंडका १८० अंशांत फिरवून समोरच्या बाजूनेही ९ सें.मी. काढायचे. मग ९० अंशांत वळवला की त्याची रुंदी उरते ५८ सें.मी., आणि इथून पुढे तो कुठेही अडत नाही. दोन कापांत काम झालं!

या युक्तीची हद्द पायथागोरसच सांगतो. कापाची रुंदी आणि दोन कापांनंतर उरलेली जाडी या वर्तुळात बसणाऱ्या आयताच्या दोन बाजू, आणि ओंडक्याचा व्यास हा त्या आयताचा कर्ण. दोन्ही बाजू गाईडमध्ये मावायच्या तर व्यास गाईडच्या अंतराच्या १.४१ पटीपर्यंतच चालतो. ६० सें.मी.साठी हिशेबाने जवळपास ८५ येतात, पण थोडा खेळ ठेवून ८२ धरावेत. तेव्हा प्रत्येक बाजूचा काप १२ सें.मी. खोल येतो, आणि रुंदी व उरलेली जाडी दोन्ही ५८ भरतात. अर्थात खांबांमधून ८२ सें.मी. जायला हवेत, आणि वरच्या चौकटीखाली १२ सें.मी.चा थर मावायला हवा.

ही मापं बुडख्याकडची घ्यावीत, कारण अडतं ते तिथेच. मुळांकडचा फुगवटा आणि गाठींचे उंचवटे चेनसॉने आधीच तासून टाकावेत. शेंडा बारीक असल्यामुळे त्या टोकाखाली पाचर देऊन तो दोन व्यासांतल्या फरकाच्या निम्म्याने उचलावा: बुडखा ७६, शेंडा ७० असेल तर ३ सें.मी. मग गाभ्याची मध्यरेषा पात्याला समांतर राहते. ३ मीटर लांबीचा असा ओला ओंडका सव्वा टनाच्या घरात जातो. फळ्या आखूडही चालणार असतील तर ओंडका आधीच आखूड करावा. पहिला सालीकडचा थरसुद्धा ७० किलोंच्या आसपास असतो. पातं आत शिरल्यावर मागच्या फटीत पाचरी ठोकाव्यात, आणि तो थर उतरवल्याशिवाय यंत्र मागे आणू नये.

रुंद कापात पातं लाटेसारखं वरखाली जातं, ही सर्वांत मोठी तक्रार. गाईडमधलं अंतर वाढलं की पात्याचा ताठपणा झपाट्याने घटतो. शिवाय ५८ सें.मी. लाकडातून जाणाऱ्या प्रत्येक दाताला तेवढ्या लांबीचा भुसा आपल्या खाचेत वाहून न्यावा लागतो. खाच भरली की भुसा पात्याच्या बाजूंना दाटतो आणि पातं वाकडं पळतं. त्यामुळे रुंद कापाला नवं धारदार पातं लावावं, ताण पूर्ण द्यावा, सरकता गाईड लाकडाच्या जितका जवळ येईल तितका आणावा आणि यंत्र हळू ढकलावं. पातं जिथून शिरतं तिथली साल आधीच खरवडून टाकावी. सालीतली माती धार पहिल्याच मीटरभरात खाते.

१.४१ पटीच्या पलीकडे मात्र चेनसॉने उभं चिरणं आलंच. दोन्ही टोकांवर ओळंब्याने मध्यरेषा काढून मग साल काढलेल्या पट्ट्यावर सूत मारावं, म्हणजे रंगीत दोरा ताणून सरळ रेघ उमटवावी. उभ्या चिरण्याची साखळी वेगळी असते, तिच्या दातांना ३० ऐवजी १० अंशांची धार लावतात. तिच्या फटीत ८ ते १० मि.मी. लाकूड भुशात जातं, बँडसॉच्या पात्यात सुमारे २ मि.मी. म्हणून हे काप जितके कमी तितके बरे.

चिरल्यावर अर्धुक, म्हणजे ओंडक्याचा अर्धा भाग, हमखास वाकतं. जिवंत झाडात बाहेरचं लाकूड लांबीच्या दिशेने ताणलेलं आणि गाभ्याकडचं दाबलेलं असतं. मध्यातून चिरलं की बाहेरची बाजू आखडते, टोकं सालीकडे वळतात आणि सपाट बाजू मध्ये फुगते. ती बाजू खाली ठेवली तर अर्धुक डुगडुगतं, म्हणून टोकांखाली पाचरी देऊन घट्ट बसवावं.

आमच्या मते चिरायचंच असेल तर चार फाका कराव्यात. फाकेची एक सपाट बाजू वर, दुसरी यंत्राच्या उभ्या टेकणाला आणि सालीच्या गोलाईखाली पाचर. वरून एक फळी काढायची, फाक फिरवून दुसऱ्या सपाट बाजूची एक काढायची, पुन्हा पहिलीची. अशा फळ्यांत वर्षवलयं जवळपास उभी येतात. लाकूड वलयांच्या दिशेने जितकं आकसतं, त्याच्या साधारण निम्मंच गाभ्याकडून सालीकडे आकसतं, म्हणून वाळताना या फळ्यांचं रूप फारसं बदलत नाही. गाभ्याकडची कड मात्र तडकते. ती २ ते ३ सें.मी. कापून टाकावी.