रेल्वे-स्लीपर : बागेतील वापर

लोहमार्गातून बदलून काढलेल्या लाकडी स्लीपरांचा बागेत पायऱ्या, वाफ्यांच्या कडा, बाके आणि ठेंगण्या आधारभिंती यांसाठी केला जाणारा पुनर्वापर. बडोद्यातल्या मराठी घरात 'स्लीपर आणायचे आहेत' म्हटले की आधी चपला आठवतात, मग रात्रीच्या गाडीचा डबा, आणि लाकूड सगळ्यात शेवटी. वासणा-भायलीकडे बंगल्यांची वस्ती वाढली, घरापुढे चार झाडांची जागा आली, आणि लॉनच्या कडेला काळपट, भोके पडलेल्या तुळया दिसू लागल्या. त्या दिसतात छान. त्यांत मुरलेले काय आहे, हे मात्र आणण्याआधी पाहायला हवे.

रुळांतले अंतर कायम राखणे आणि गाडीचा भार खालच्या खडीवर पसरवणे, हे स्लीपरचे मूळ काम. भारतात ब्रॉडगेजचा लाकडी स्लीपर २७५ × २५ × १३ सेंमी., मीटरगेजचा १८० × २० × ११.५ सेंमी. आणि नॅरोगेजचा १५० × १८ × ११.५ सेंमी. मापाचा असे. घनफुटांत सांगायचे तर अनुक्रमे सुमारे ३.१६, १.४६ आणि १.१. साल या जंगली झाडाच्या लाकडाचा ब्रॉडगेज स्लीपर कोरडा असला तरी ७०-८० किलो भरतो, त्यामुळे तो उचलायला दोन माणसे लागतात. नॅरोगेजचा एकटा माळीही ओढत नेतो. फाटे आणि क्रॉसिंगखालचे स्लीपर याहून लांब असतात. गर्डरच्या पुलांवरचे जाड आणि निवडक लाकडाचे. असा नग हाती लागला तर त्याचे तुकडे करू नयेत, तो आख्ख्या बाकालाच शोभतो.

लाकूड दोन तऱ्हांचे. साल आणि साग यांचा गाभा मुळातच टिकाऊ, म्हणून ते बहुधा कोणतीही प्रक्रिया न करता रुळाखाली जात. चीर (एक जातीचा पाइन), देवदार, कैल ही हिमालयातली हलकी लाकडे मात्र क्रिओसोटमध्ये मुरवावी लागत. क्रिओसोट हे दगडी कोळशाच्या डांबरापासून निघणारे तेल. बंद टाकीत आधी लाकडातली हवा ओढून घ्यायची आणि मग दाबाखाली तेल आत ढकलायचे, ही पद्धत इंग्लंडमध्ये जॉन बेथेल याने १८३८ मध्ये पेटंट केली. आपल्याकडे पंजाबातले ढिलवान, बरेलीजवळचे क्लटरबकगंज, आसामातले नहरकटिया आणि केरळातले ओलवक्कोड येथे रेल्वेची अशी केंद्रे होती. म्हणजे बडोद्याच्या बंगल्यात आलेला एखादा चिराचा स्लीपर हिमालयात वाढलेला, पंजाबात तेल प्यालेला आणि गुजरातेत उन्हे खाल्लेला असू शकतो.

बडोद्याचे रुळांशी नाते जुने आहे. खंडेराव गायकवाडांच्या काळात १८६२ मध्ये डभोई ते मियागाम हा अडीच फुटी मार्ग सुरू झाला, आणि त्यावरचे डबे चक्क बैल ओढत. रूळ इतके हलके होते की त्यांना इंजिन पेलेना. पुढे ते बदलले आणि मग वाफेची इंजिने नियमित धावू लागली. डभोई हे नॅरोगेजचे मोठे जंक्शन म्हणून नावारूपाला आले. डभोईहून चांदोदकडे जाणारा त्यातला फाटा आता ब्रॉडगेज होऊन केवडियापर्यंत पोचला आहे. त्या मार्गाचे उद्घाटन १७ जानेवारी २०२१ रोजी झाले. एखादा मार्ग रुंद झाला की जुने सामान भंगारात निघते. मुख्य मार्गांवर तर काँक्रीटच्या स्लीपरांनी लाकडाला कधीच हटवले. त्यामुळे बाजारात दिसणारा लाकडी माल आता संपत आलेल्या साठ्यातला आहे, आणि 'एकदम नव्यासारखा' म्हणून कोणी दाखवला तर तो रेल्वेचा नसून त्या मापात कापलेले दुसरेच लाकूड असण्याचा संभव अधिक.

रेल्वे आपले भंगार आयआरईपीएस या संकेतस्थळावर ई-लिलावाने विकते. तिथे मालाचा अख्खा लॉट घ्यावा लागतो. चार पायऱ्यांसाठी आठ स्लीपर हवे असणाऱ्या माणसाची तिथे डाळ शिजत नाही. लॉट व्यापारी उचलतात, त्यांच्याकडून माल लातीत येतो. लाती म्हणजे लाकडाची वखार. शब्द गुजराती, पण बडोद्याच्या मराठीत तो इतका रुळला आहे की वखार म्हटले तर ऐकणारा क्षणभर थांबतो. लातीत भाव कधी नगावर, कधी घनफुटावर सांगतात. नगावर सांगितला तर गेज विचारून घ्यावे. मीटरगेजचा नग ब्रॉडगेजच्या निम्म्याहूनही कमी लाकडाचा असतो, आणि रचलेल्या थप्पीत हा फरक डोळ्यांना कळत नाही.

बिल पक्के घ्यावे. हा सल्ला केवळ करापुरता नाही. रेल्वे मालमत्ता (बेकायदा ताबा) अधिनियम, १९६६ नुसार चोरीचा असल्याचा वाजवी संशय असलेला रेल्वेचा माल कोणाकडे सापडला, तर तो रीतसर मिळवला हे त्यालाच दाखवून द्यावे लागते. पहिल्याच गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. बागेतल्या पायरीसाठी एवढी जोखीम कोण घेणार! 'कुठून आले ते सोडा साहेब, माल बघा' असे ऐकू आले तर मालही बघू नये.

माल तपासायचा तो असा. स्लीपर आडवा पाडून वरची बाजू पाहिली की दोन ठिकाणी चौकोनी दबलेले ठसे दिसतात. तिथे रुळाखालची लोखंडी बैठक, म्हणजे बेअरिंग प्लेट, बसलेली असते. ठशाभोवती डॉग स्पाइकची, म्हणजे रूळ धरून ठेवणाऱ्या जाड खिळ्यांची, भोके असतात. खिळा सैल झाला की शेजारी दुसरे भोक पाडलेले, त्यात कधी लाकडी खुंटी ठोकलेली. टोकांना इंग्रजी एस अक्षरासारखी पट्टी ठोकलेली असेल, तर ती लाकूड चिरत जाऊ नये म्हणून घातलेली. रुळाखाली स्लीपरचे आयुष्य साधारण १२ ते १५ वर्षांचे धरतात. तो बाद होतो तो बहुधा या ठशांपाशी कुजून किंवा टोकाला चिरून. मधला भाग पुष्कळदा ठणठणीत राहतो. ब्रॉडगेजमध्ये दोन रुळांतले अंतर १६७.६ सेंमी., म्हणजे प्लेटांची जागा सोडून मधे सुमारे १४० सेंमी. सलग, बिनभोकाचे लाकूड मिळते. दोन माणसांच्या बाकाला ते नेमके पुरते.

मग चाकूने टोकाशी खरवडावे. सालाचा गाभा आत तांबूस-तपकिरी निघतो, वास लाकडाचाच येतो. खरवडल्यावर काळे, तेलकट दिसले आणि नव्या डांबरी रस्त्यासारखा वास आला, तर तो क्रिओसोटचा. ही परीक्षा थंडीत फसते. दुपारच्या उन्हात मात्र नाक खोटे बोलत नाही.

क्रिओसोटबद्दल आपल्याकडे फारसे बोलले जात नाही, म्हणून थोडे सविस्तर. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने क्रिओसोटांना माणसात बहुधा कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांच्या गटात ठेवले आहे. अमेरिकेत क्रिओसोट दिलेले लाकूड घरगुती वापरासाठी मान्य नाही. युरोपीय संघाने घराच्या आत, खेळाच्या मैदानावर आणि कातडीचा वारंवार स्पर्श होईल अशा बागांत त्याला मनाई केली. यात एक गंमत आहे : ब्रिटनमध्ये तोट्यातले मार्ग बंद करायला सांगणाऱ्या १९६३ च्या बीचिंग अहवालानंतर हजारो मैल लोहमार्ग बंद झाले, ढिगाने स्लीपर मोकळे झाले आणि तिकडच्या बागांत गेले. ती चित्रे पाहून आपण ही हौस उचलली, तोवर तिकडे नियम आले होते.

शिवाय बडोद्याचे ऊन. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि स्लीपरच्या चिरांतून काळा चिकट घाम फुटतो. तो कपड्याला लागला की निघत नाही. हाताला लागून वर ऊन पडले तर कातडी भाजल्यासारखी लाल होते. म्हणून बाक, झोपाळ्याखालची पायरी, मुलांची वाळूची पेटी यांसाठी क्रिओसोटचा स्लीपर नको. अळू, मेथी, गवती चहा यांच्या वाफ्यालाही नको. प्लास्टिकचे अस्तर घालून वापरा, असे सांगणारे भेटतात. पण अस्तरामागे पाणी साचते, प्लास्टिक फाटते, आणि खाण्याच्या भाजीपाशी हा सौदा कशाला? मोटारीच्या वाटेची कड किंवा कुंपणालगतची शोभेची रांग एवढ्यापुरता तो चालून जातो. सालाला किंवा सागाला हे पथ्य नाही, फक्त जुने वंगण आणि काजळी तारेच्या ब्रशने घासून काढावी.

उरलेले तुकडे हा वेगळाच प्रश्न. सोसायटीतली पोरे होळीला लाकूड मागत दारोदार फिरतात, आणि कोपऱ्यात पडलेले तुकडे देऊन टाकायचा मोह होतो. क्रिओसोटचे लाकूड होळीत, बंबात, शेकोटीत कुठेच जाळू नये, त्याचा धूर विषारी असतो.

कापायला सुतार नाखूश असतो, आणि त्याचे बरोबर आहे. चिरांत खडीचे कण रुतलेले, भोकात तुटका खिळा. एका फटक्यात पात्याचे दात जातात. आधी चुंबक फिरवावे, सापडेल तो खिळा पहारीने उपटावा आणि काप शक्यतो ठशांपासून दूर घ्यावा. मास्क आणि हातमोजे हवेतच.

बडोदे सपाट. डोंगरउताराच्या गावात स्लीपरच्या भिंतींनी टप्पे करतात, तशी गरज इथे क्वचितच पडते. इथे खरा उपयोग पायऱ्यांचा. पुराच्या भीतीने जोते उंच घेतलेले असते, त्यामुळे ओट्यावरून लॉनवर उतरायला तीन-चार पायऱ्या लागतातच. स्लीपरची १३ सेंमी. जाडी हीच पायरीची सोयीची उंची. ब्रॉडगेजच्या एका स्लीपरचे तीन तुकडे केले की ९० सेंमी. रुंदीच्या तीन पायऱ्या होतात. पाऊल टेकायला २५ सेंमी. अपुरे पडतात, म्हणून मागे विटा किंवा मुरूम भरून ३५ सेंमी. तरी करावे. पावसाळ्यात लाकूड निसरडे होते. वर आडव्या खाचा माराव्यात.

खाली काळी माती असेल तर तिचे लक्षण ओळखूनच बैठक करावी. ती जूनमध्ये फुगते, एप्रिलमध्ये भेगाळते, आणि वर नुसता ठेवलेला स्लीपर वर्षभरात तिरका होतो. फूटभर खणून मुरूम आणि खडी ठोकून बसवावी, मग स्लीपर. दोन्ही टोकांना आरपार भोके पाडून १२ मिमी.ची सळई जमिनीत ६० सेंमी. तरी ठोकावी. विश्वामित्री नदीच्या पुराची पातळी ज्या सोसायट्यांनी २०१९ आणि २०२४ मध्ये पाहिली, तिथे सळई वगळूच नये : कोरडा साल पाण्यापेक्षा किंचित हलका असतो, आणि न बांधलेली तुळई पुरात तरंगत दुसऱ्याच्या कुंपणावर जाऊन आदळते. दोनापेक्षा जास्त थर रचायचे तर विटांसारखे सांधे मोडून रचावेत, मागे खडीचा पट्टा आणि पाणी निघायला फटी ठेवाव्यात. कमरेइतकी भिंत हवी असेल तर इंजिनीअर गाठावा. वाळवी सालाच्या गाभ्याला सहसा शिवत नाही. गाभ्याबाहेरचे फिकट लाकूड मात्र ती आधी खाते.

पर्याय म्हणून सौराष्ट्रातल्या ध्रांगध्र्याचा दगड बडोद्यात सहज मिळतो आणि पायऱ्यांना तो अधिक टिकतो. स्लीपरच्या साच्यात ओतलेले, लाकडाच्या रेषा उमटवलेले सिमेंटचे ठोकळेही मिळतात. लांबून फसवतात, जवळून नाही. रेल्वेचा काँक्रीट स्लीपर मात्र या कामाचा नाही. ब्रॉडगेजचा एक नग पावणेतीनशे किलोच्या आसपास भरतो, आणि त्याच्या पोटात ताणलेल्या पोलादी तारा असल्याने तो कापायच्या भानगडीत लातीवालाही पडत नाही.