सौरवादळ आलं म्हणे, पण त्याची दिशा कुठली?

मे 2024 मध्ये लडाखच्या हानले इथून आकाश लालसर दिसलं होतं, ते फोटो तुम्हीही पाहिले असतील. असल्या वेळी "मोबाईल बंद ठेवा" टाईपचे फॉरवर्ड येतात, ते सरळ डिलीट करा, मोबाईलला काही होत नाही. पण मग नक्की होतं काय?

सूर्यातून प्रोटॉन-इलेक्ट्रॉनचा वारा कायमच वाहत असतो, सेकंदाला साधारण 400 किलोमीटर वेगाने, आणि तो येताना सूर्याचं चुंबकीय क्षेत्रही सोबत ओढून आणतो. खरी गंमत या क्षेत्रात आहे. लोकांना वाटतं वारा जोरात आला की वादळ मोठं, पण वेग हा अर्धाच भाग झाला. पृथ्वीचं स्वतःचं चुंबकीय क्षेत्र हे तिचं दार समजा. वाऱ्यासोबत आलेल्या क्षेत्राची दिशा उत्तरेकडे असेल तर ते दार जवळपास बंदच राहतं, बराचसा वारा बाजूने निघून जातो. दिशा दक्षिणेकडे असली की ती पृथ्वीच्या क्षेत्राच्या बरोबर उलटी पडते, दोन्हीकडच्या रेषा तुटून एकमेकींना जोडल्या जातात आणि दार सताड उघडं! मग ऊर्जा पृथ्वीच्या रात्रीच्या बाजूला लांब शेपटीत साठत जाते, ताण वाढला की तिथल्याही रेषा तुटतात आणि कण पृथ्वीकडे फेकले जातात. काही ध्रुवांकडे उतरून ऑरोरा, म्हणजे आकाशातला रंगीत प्रकाश, पेटवतात, बाकीचे विषुववृत्ताच्या वर, हजारो किलोमीटर उंचीवर पृथ्वीभोवती फिरत राहतात, म्हणजे एक अवाढव्य विद्युतप्रवाहच. हा प्रवाह जमिनीवरचं चुंबकीय क्षेत्र थोडं कमी करतो आणि ती घट किती यावरून वादळ मोजतात. मे 2024 ला ती 400 नॅनोटेस्लाच्या (हे चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक) आसपास गेली होती.

आता मुंबईकरांनी कॉलर ताठ करावी अशी गोष्ट. 1 सप्टेंबर 1859 ला इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन या खगोलशास्त्रज्ञाने सूर्यावर झगमगाट पाहिला आणि सतरा-अठरा तासांत वादळ पृथ्वीवर येऊन धडकलं. तेव्हा कुलाबा वेधशाळेत माणसं डोळ्यांनी चुंबकाचे काटे वाचून वहीत आकडे लिहायची, आणि त्या वहीत 2 सप्टेंबरच्या सकाळी तब्बल 1600 नॅनोटेस्लाची घसरण सापडते. युरोपातल्या बऱ्याच उपकरणांची नोंद कागदाबाहेरच गेली, त्यामुळे आजही त्या वादळाचा अंदाज बांधताना शास्त्रज्ञ कुलाब्याची वही उघडतात. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर त्यांच्या प्रवाहाने रीडिंग बिघडेल म्हणून 1904 ला हे काम अलिबागला हलवलं, ते तिथे अजून चालू आहे.

धोका असतो तो लांबलचक वीजवाहिन्यांना. क्षेत्र झपाट्याने बदललं की जमिनीत प्रवाह तयार होतो आणि तो ट्रान्सफॉर्मरमध्ये शिरतो. मार्च 1989 मध्ये कॅनडातल्या क्यूबेकची ग्रीड अशीच दीड मिनिटात बसली, 60 लाख लोकांची वीज नऊ तास गेली. उपग्रहांचंही तेच, म्हणजे वेगळ्या कारणाने: वरचं वातावरण तापून फुगतं आणि घर्षण वाढतं. फेब्रुवारी 2022 मध्ये स्टारलिंकचे नुकतेच सोडलेले 49 पैकी जवळपास 40 उपग्रह यातच गेले, आणि ते वादळ काही फार मोठंही नव्हतं.

मग आधी कळत कसं नाही? स्फोट दिसतो, सूर्यातून कणांचा ढग निघालेला दिसतो, तो कधी पोचेल याचा अंदाजही येतो, पण त्याच्या आतल्या क्षेत्राची दिशा खात्रीने कळते ती तो सूर्य आणि पृथ्वीच्या मधल्या एल-1 बिंदूपाशी आल्यावरच. तिथे इस्रोचा आपला आदित्य एल-1 उपग्रह जानेवारी 2024 पासून मॅग्नेटोमीटर (चुंबकीय क्षेत्र मोजायचं उपकरण) घेऊन बसलाय, पृथ्वीपासून 15 लाख किलोमीटरवर. ऐकायला लांब वाटतं, पण वारा तेवढं अंतर तासाभरात कापतो, जोराचा असेल तर अर्ध्या तासात, त्यामुळे ग्रीडवाल्यांनी लोड कमी करायचा की नाही हे काय ते तेवढ्यातच ठरवायचं.