गळती थांबवणं वेगळं, पाइप धरून ठेवणं वेगळं: रिपेअर क्लॅम्प आणि पकडवाला कपलर

उजनी धरणाच्या बॅकवॉटरमध्ये शेताला पाणी नेणारी एचडीपीईची (काळ्या जाड प्लास्टिकच्या पाइपची) लाइन फुटली की करमाळ्यापासून माढ्यापर्यंत पहिली मागणी ठरलेली असते: क्लॅम्प आणा. बारीक भोक असो, उभी चीर असो, नाहीतर पाइपचे सरळ दोन तुकडे झालेले असोत, उपाय तोच. मग पंप चालू होतो, दोन दिवस पाणी येतं आणि तिसऱ्या दिवशी पाइप पुन्हा निसटतो. दोष क्लॅम्पच्या कंपनीला दिला जातो. खरं तर क्लॅम्पनं आपलं काम केलेलं असतं. पाइप धरून ठेवणं हे काम त्याचं नव्हतंच.

क्लॅम्प सगळ्यांनी पाहिलेला आहे. आत रबर, बाहेरून स्टीलचा पत्रा, बोल्ट आवळले की गळती बंद. पाइपची दोन टोकं जोडणारा पकडवाला कपलर बाहेरून जवळजवळ तसाच दिसतो, पण त्याच्या आत दातेरी कडी असते आणि ती पाइपच्या अंगात रुतते. साइज बाहेरच्या व्यासावर घ्यायची, बोल्ट स्टेनलेसचे घ्यायचे, हे दोघांनाही लागू. त्यावर जास्त बोलण्यासारखं काही नाही.

बोलायचंय ते ओढीबद्दल. वेल्डिंग केलेली एचडीपीईची लाइन सलग असते, त्यामुळे लांबीच्या दिशेनं येणारा सगळा ताण पाइपच स्वतःच्या अंगावर घेतो. भोक पडलं तरी बाकीची भिंत शाबूत असते, म्हणून तिथं क्लॅम्प उत्तम चालतो. पाइप पूर्ण तुटला की ताण घेणारं कुणी उरत नाही. 315 मिलिमीटरचा पाइप आणि 6 किलो (दर चौरस सेंटिमीटरला) प्रेशर धरा. एखाद्या बेंडजवळ पाइप तुटला असेल तर पाणी तिथली दोन टोकं साडेचार टनांहून जास्त जोरानं एकमेकांपासून ढकलतं. क्लॅम्पचं गुळगुळीत रबर गुळगुळीत प्लास्टिकवर एवढा जोर कसा धरणार? त्यात प्रेशर आल्यावर एचडीपीई थोडा फुगतो आणि फुगला की लांबीला आखडतो, म्हणजे टोक आणखी बाहेर ओढलं जातं.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट घडते. लाइन मे महिन्यात टाकली जाते. उजनी मायनसमध्ये (मृतसाठ्याच्याही खाली) गेलेली, पात्र उघडं, ऊन चाळिशीपार, आणि काळा पाइप त्याहून कितीतरी तापलेला. पावसाळ्यात तोच पाइप थंड पाण्याखाली आणि गाळाखाली जातो. तापमान तीस अंशांनी उतरलं तर मोकळा पाइप शंभर मीटरमागे साधारण अर्धा मीटर आखडतो. गाळानं दोन्हीकडून धरून ठेवला तर आखडता येत नाही आणि तो ताण अंगातच राहतो. मधे कुठं तुटला की टोकं लांब सरकतात ती त्यामुळे.

निसटलेला क्लॅम्प वर काढून नीट बघा. रबर धड असतं, बोल्ट घट्ट असतात, पण पाइपच्या टोकावर लांबीच्या दिशेनं चकचकीत ओरखडे दिसतात. पाइप आतून सरकत बाहेर आला, त्याच्या या खुणा. त्या दिसत असतानाही लोक शेजारी दुसरा क्लॅम्प लावतात, वरून नायलॉनचा दोर बांधतात. हे बघून मला खरोखर त्रास होतो, कारण तेवढ्यात केळीचं पाणी चुकतं.

अर्धवट आडवी चीर असेल तरी मी क्लॅम्पवर विसंबत नाही, ती वाढत जाऊन पाइप तुटतोच. उभी चीर असेल तर खराब तुकडा कापूनच काढायचा.

"पाण्यातच वेल्डिंग मारा" हा सल्लाही बंद व्हायला हवा. बट वेल्डिंगमध्ये पाइपची तोंडं तापवून एकमेकांवर दाबतात; त्यासाठी प्लेट दोनशे अंशांच्या वर तापवावी लागते आणि पाइपची तोंडं स्वच्छ, कोरडी लागतात. इलेक्ट्रोफ्युजनलाही (आत तापणारी तार असलेल्या जोडानं प्लास्टिक वितळवून जोडणं) कोरडंच लागतं. पीव्हीसीचं सोल्युशन तर एचडीपीईला चिकटतच नाही.

माझी पसंती फ्लँजच्या जोडाला, म्हणजे दोन्ही टोकांच्या कड्या समोरासमोर आणून बोल्टनं आवळायच्या. एचडीपीई पाण्यापेक्षा हलका असतो. पाइपला तळाशी धरून ठेवणारे वजनाचे ब्लॉक सोडवले आणि गाळ मोकळा केला की टोकं वर घेता येतात. होड्या जोडून केलेल्या तराफ्यावर दोन्ही टोकांना स्टब एंड (कॉलर असलेले आखूड तुकडे) वेल्ड करायचे, मागं लोखंडी फ्लँज आधीच चढवून ठेवायचा, मग खाली सोडून पाणबुड्यानं बोल्ट आवळायचे. जिथं दलदलीत मशीन आणि जनरेटर पोचत नाही, किंवा टोकं वर येतच नाहीत, तिथं पकडवाला कपलर. तो घेताना पाइपच्या आत बसणारी स्टीलची नळीही मागा. ती नसेल तर दात्यांच्या दाबाखाली प्लास्टिक हळूहळू आत दबतं आणि पकड सुटते.

एचडीपीई दाबाखाली सैलावतो, म्हणून फ्लँजचे बोल्ट दुसऱ्या दिवशी पुन्हा आवळायचे. माणूस पाण्यात असेपर्यंत स्टार्टरचे फ्यूज काढून आपल्या खिशात ठेवायचे. नुसता स्विच बंद करून भागत नाही, मोटर आपोआप चालू करणारा ऑटो लावलेला असेल तर लाइट आल्याबरोबर मोटर सुरू होते.