नववा हेन्री: एक झालाच नाही, दुसऱ्याला कुणी मानलं नाही

आठव्या हेन्रीवर शब्द खर्च करत नाही. सहा बायका, त्यातल्या दोघींचा शिरच्छेद, पोपशी काडीमोड, हे सगळ्यांना पाठ आहे. इंग्लंडच्या राजांच्या यादीतलं हेन्री हे नाव त्याच्यापाशी, १५४७ साली, संपतं. त्यानंतरच्या पावणेपाचशे वर्षांत त्या गादीवर एकही हेन्री बसलेला नाही.

तरीही ‘नववा हेन्री’ अधूनमधून वाचायला मिळतो. घोळ असा की हे नववे हेन्री दोन आहेत, आणि लिहिणारे बिनदिक्कत एकाचा मुकुट दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवतात. परवा एक लेख पाहिला. गोष्ट सतराव्या शतकातल्या तरुण, कट्टर प्रोटेस्टंट राजपुत्राची आणि वर चित्र लाल झग्यातल्या कॅथलिक कार्डिनलचं, म्हणजे पोपखालच्या वरिष्ठ धर्मगुरूचं. कपाळावर हात मारून घेतला.

पहिला हेन्री फ्रेडरिक स्टुअर्ट. जन्म १५९४, स्कॉटलंडमधल्या स्टर्लिंगच्या किल्ल्यात. बाप जेम्स, जो १६०३ साली इंग्लंडचाही राजा झाला. पोरगा घोडा, भाला आणि जहाजांचा वेडा. लंडनच्या टॉवर किल्ल्यात कैदेत पडलेल्या वॉल्टर रॅली या दर्यावर्दीवर त्याचा भारी जीव. असला पक्षी पिंजऱ्यात ठेवणं माझ्या वडिलांनाच जमू शकतं, असं तो म्हणाल्याचं सांगतात. १६१० साली तो वेल्सचा युवराज झाला आणि ६ नोव्हेंबर १६१२ रोजी, अठराव्या वर्षी, तापानं गेला. बहुधा विषमज्वर. आजारात धाकट्या चार्ल्सनं त्याच्या हातात ब्राँझचा एक छोटा घोडा आणून ठेवला होता म्हणतात. पुढे गादी त्या चार्ल्सकडे गेली आणि १६४९ साली त्याचं डोकं कुऱ्हाडीखाली आलं, हे तुम्हाला माहीत आहेच.

दुसरा हेन्री बेनेडिक्ट स्टुअर्ट. जन्म १७२५, रोम. पहिला हेन्री म्हणजे याच्या पणजोबांचा थोरला भाऊ. याचे आजोबा दुसरा जेम्स १६८८ साली इंग्लंड सोडून पळाले आणि तेव्हापासून हे घराणं परक्याच्या वाड्यात राहून ‘खरे राजे आम्हीच’ म्हणत राहिलं. थोरला भाऊ चार्ल्स एडवर्ड १७४५ साली मूठभर साथीदारांसह स्कॉटलंडात उतरला, तिथे फौज जमवली, पुढच्या एप्रिलात तिथल्याच कलोडनला हरला. हेन्री १७४७ साली कार्डिनल झाला. १७८८ साली भाऊ गेल्यावर यानं नाणं नव्हे, पदक पाडलं. त्यावर लॅटिनमध्ये स्वतःला ‘नववा हेन्री, राजा’ म्हणवून घेतलं आणि मागच्या बाजूला कोरलं: माणसांच्या इच्छेनं नव्हे, देवाच्या इच्छेनं.

दोघांचे पंथ वेगळे, वयं वेगळी, देश वेगळे. हे फरक पाठ करायची गरज नाही, चित्राकडे एकदा नीट पाहिलं तरी कळतात. लोक अडखळतात ते दुसरीकडेच.

पहिला नववा हेन्री हा जर-तरचा राजा आहे. माणूस खरा, राजेपण कल्पित. त्याला राजा करायचं तर इतिहासात कुठेतरी सांधा बदलावा लागतो. इथे तो सांधा म्हणजे १६१२चा नोव्हेंबर. ताप उतरतो, पोरगा उठून बसतो आणि तिथून पुढचं सगळं लेखकानं रचायचं. १६२५ साली जेम्स मरतो, एकतीस वर्षांचा हेन्री गादीवर येतो. त्याच्या हयातीत त्याला स्वतःलासुद्धा ‘मी नववा हेन्री’ म्हणायची वेळ कधी आली नाही.

दुसऱ्याच्या बाबतीत सांधा कुठेच बदललेला नाही. एकही तारीख हलवावी लागत नाही. तो जन्मला, कार्डिनल झाला, पदक पाडलं, १८०७ साली फ्रास्कातीत वारला, सगळं घडलेलं. वाद फक्त हक्काचा. कॅथलिक माणसाला गादी नाही असं इंग्लंडच्या पार्लमेंटनं १७०१च्या कायद्यानं पक्कं केलं होतं आणि याच्या घराण्याला पार्लमेंटचा तो अधिकारच मान्य नव्हता. म्हणजे हा दावेदार. याच्या आयुष्यावर लिहिताना ‘पर्यायी इतिहास’ हा शब्द वापरलात तर चूक, आणि पहिल्याला दावेदार म्हणालात तर त्याहून मोठी चूक. तो तर बापाच्या गादीचा बिनविरोध वारस होता.

माझा सगळ्यात आवडता पुरावा असा, की हे दोन नववे हेन्री एका इतिहासात मावतच नाहीत. पहिला जगला आणि त्याला मूलबाळ झालं, तर धाकटा चार्ल्स राजा होत नाही. चार्ल्स नाही म्हणजे त्याचा मुलगा दुसरा जेम्स राजा नाही, पळापळ नाही, रोममधला वाडा नाही. दुसऱ्या हेन्रीचा दावा जन्मालाच येत नाही. आणि जाता जाता, मुंबईही गेली. ती पोर्तुगीजांनी १६६१च्या लग्नाच्या करारात आंदण दिली ती दुसऱ्या चार्ल्सला, म्हणजे याच धाकट्याच्या मुलाला. सात बेटांचं काय झालं असतं ते ज्याचं त्यानं रचावं.

आता तिसरा प्रकार, ज्यात चांगले चांगले घसरतात: दुसऱ्या हेन्रीलाच जर-तरचा राजा करणं. हे करता येतं, पण सांधा वेगळा. डिसेंबर १७४५मध्ये चार्ल्स एडवर्डची फौज डर्बीपर्यंत, लंडनपासून सुमारे २०० किलोमीटरवर आली आणि माघारी वळली. ती वळलीच नाही, लंडन पडलं, असं धरा. मग चार्ल्सनंतर हेन्री खराखुरा राजा होऊ शकतो. फक्त कृपा करून त्याला लाल झगा घालू नका. कार्डिनलपद आलं ते कलोडनच्या पराभवानंतर. जिंकलेल्या घराण्यानं आपल्या एकुलत्या एका धाकट्या राजपुत्राला आजन्म अविवाहित पाद्री होऊ दिलं असतं का? आधी लग्नाचा तगादा लावला असता. मूळ कारण पुसून त्याचा परिणाम तेवढा शाबूत ठेवायचा, हा जर-तर लिहिणाऱ्यांचा जुना रोग आहे.

पहिल्या हेन्रीबाबत दुसरा रोग. त्याला तारणहार करून टाकतात: तो जगला असता तर चार्ल्स आणि पार्लमेंट यांच्यातली यादवी टळली असती. मला पटत नाही. त्याच्या बहिणीचा नवरा फ्रेडरिक १६२०मध्ये प्रागजवळ व्हाइट माउंटनच्या लढाईत हरून बोहेमियाचं (आजच्या चेक प्रदेशाचं) राज्य गमावून बसला. असल्या प्रसंगी चार्ल्सपेक्षा हा लढवय्या हेन्री आधी तलवार उपसेल. तलवारीला पैसा लागतो, पैसा पार्लमेंटकडे. भांडणाची खुमखुमी वेगळी असती, हिशेब तोच. चार्ल्सचं मात्र बरं झालं असतं. थट्टेत हेन्रीनं एकदा त्याच्या डोक्यावर आर्चबिशपची (इंग्लंडच्या चर्चच्या मुख्य धर्मगुरूची) टोपी ठेवून ‘तुला कँटरबरीचा आर्चबिशप करतो’ म्हटल्याची आख्यायिका आहे.

आणखी एक खटकणारी गोष्ट मराठीपुरतीच. दुसऱ्या हेन्रीच्या घराण्याला इंग्रजीत ‘प्रिटेंडर’ म्हणतात आणि आपले अनुवादक डोळे मिटून ‘तोतया’ लिहितात. तोतया म्हणजे आपण नाही ते आहोत म्हणणारा. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊ म्हणून वावरला आणि १७७६ साली ज्याला देहान्ताची शिक्षा झाली, तो तोतया. इंग्लंडमध्ये बेपत्ता राजपुत्र म्हणून मिरवणारा पर्किन वॉर्बेक तोतया, १४९९ साली फासावर गेला. हेन्री बेनेडिक्ट कोण होता याबद्दल लंडनमध्ये कुणालाही शंका नव्हती. आपल्याकडे जोड शोधायची तर राघोबादादांची: दादा ते दादाच होते, पेशवाई कुणाची एवढाच तंटा. गंमत म्हणजे हेन्रीच्या बापावर मात्र जन्मतःच तोतयेपणाचा आळ आला होता. बिछाना ऊबदार करायच्या भांड्यात लपवून परकं मूल राणीच्या खोलीत नेलं, अशी आवई विरोधकांनी १६८८ साली उठवली होती. पण मुलाच्या, म्हणजे हेन्रीच्या, वाट्याला वेगळंच आलं. फ्रेंच क्रांतीच्या धामधुमीत तो कफल्लक झाला, तेव्हा १८००मध्ये तिसऱ्या जॉर्जनं, म्हणजे ज्याच्या गादीवर याचा दावा होता त्यानंच, त्याला वर्षाला ४००० पौंड लावून दिले. तोतयाला कुणी पेन्शन देत नाही.

राहिला आकडा. जर-तरच्या इतिहासात नववा क्रमांक खर्ची पडतो, पुढचा हेन्री दहावा. दावेदाराचा क्रमांक फक्त त्याच्या अनुयायांच्या वहीत. कार्डिनलच्या थोरल्या भावाला ते लोक ‘तिसरा चार्ल्स’ म्हणत, तरी २०२२मध्ये गादीवर आलेल्या चार्ल्सनं तोच क्रमांक सरळ घेतला. म्हणून नवव्या हेन्रीची जागा आजही रिकामी आहे. प्रिन्स हॅरीचं बाप्तिस्म्याचं नाव हेन्रीच आहे, पण त्या जागेपर्यंतची रांग लांब आहे.

रोमच्या सेंट पीटर्स चर्चमध्ये शिल्पकार कानोव्हानं घडवलेलं या स्टुअर्टांचं स्मारक आहे, १८१९चं. खर्चात इंग्लंडच्या युवराज जॉर्जचाही वाटा होता. त्यावर हेन्रीच्या बापाच्या, जेम्सच्या, नावापुढे ‘तिसरा’ कोरलं आहे, कारण त्याला पोपनं राजा मानलं होतं. मुलांना मानलं नाही. तिथे चार्ल्स एडवर्ड नुसता चार्ल्स एडवर्ड आहे आणि हेन्रीच्या नावामागे कार्डिनलांचा प्रमुख एवढंच आहे. नऊचा आकडा नाही.