तीन पायऱ्यांना अठरा फुटांचा रॅम्प का लागतो?

व्हीलचेअरच्या रॅम्पचं आमचं कोटेशन हातात पडलं की सोसायटीच्या कमिटीचा पहिला प्रश्न ठरलेला: "तीन पायऱ्यांसाठी एवढा लांब रॅम्प कशाला? सहा फुटांत बसवा की." प्रश्न रास्त आहे. जागा मुंबईतली, आणि तिथे आधीच दोन स्कूटर उभ्या असतात. म्हणून उत्तर लिहूनच देतोय.

रॅम्प बाजूने बघा. जोत्याची उंची ही उभी बाजू, जमिनीवरची लांबी आडवी बाजू आणि खुर्ची जिच्यावरून चढते तो कर्ण. झाला काटकोन त्रिकोण. रॅम्प जमिनीला टेकतो तिथला लघुकोन आपल्या कामाचा. उंची त्याच्या समोरची, जमीन लगतची. दहावीची गुणोत्तरं इथेच लागतात: समोरची भागिले लगतची म्हणजे टॅन, समोरची भागिले कर्ण म्हणजे साइन, लगतची भागिले कर्ण म्हणजे कोसाइन. कोन तोच असला की एका पायरीच्या आणि चार पायऱ्यांच्या रॅम्पला ही उत्तरं सारखीच येतात. त्रिकोण लहानमोठा झाला तरी बाजूंचं आपसातलं प्रमाण हलत नाही. त्यामुळे आम्ही आधी कोन ठरवतो, लांबी त्यातून आपोआप निघते.

व्हीलचेअरसाठी १:१२ उतार धरतात, म्हणजे एक इंच चढायला बारा इंच जमीन. टॅन १/१२, कोन जेमतेम पावणेपाच अंश. हिंदमाता-परळकडे पाणी तुंबतं म्हणून जोती उंच असतात. जोतं १८ इंच धरलं तर बारापट म्हणजे २१६ इंच, १८ फूट. कर्ण त्याहून फक्त पाऊण इंच जास्त भरतो, कारण इतक्या लहान कोनाचा कोसाइन जवळजवळ १ असतो.

आता सहा फुटांत बसवून बघू. टॅन होतो पाव, कोन १४ अंश. कागदावर फरक नऊ अंशांचा, पण ढकलणाऱ्याच्या हाताला लागतो तो साइन. माणूस आणि खुर्ची मिळून ९० किलो धरा. वजनाला साइनने गुणलं की लागणारा जोर निघतो. १:१२ वर साधारण साडेसात किलोचा जोर लागतो, सहा फुटी रॅम्पवर जवळजवळ २२ किलोचा. सत्तरीतल्या नवऱ्याची खुर्ची साठी उलटलेली बायको ढकलत असते, पावसात पायाखाली ओलं लोखंड. असा रॅम्प आम्ही कोणत्याही दरात बनवून देत नाही.

सरळ अठरा फूट मिळत नसतील तर नऊ-नऊ फुटांचे दोन चढ काढू, मधे वळायला पाच फूट सपाट जागा. कोन तोच राहील.

काम झाल्यावर स्वतः तपासा. शाळेतली एक फुटाची पट्टी घ्या, वरच्या अंगाचं टोक रॅम्पला टेकवा आणि मोबाइलमधल्या लेव्हलने पट्टी आडवी धरा. दुसऱ्या टोकाखाली १ इंच फट दिसली पाहिजे. जास्त दिसली तर उरलेले पैसे देऊ नका, आधी आम्हाला बोलवा.