नायट्रोजनच्या टायरमध्ये साधी हवा भरली तर काय होतं?

माझा मावसभाऊ परवा गाडी घेऊन आला तेव्हा मागचा डावा टायर नुसता बघूनच कळत होतं की बसलाय. गेज लावलं तर 24 पीएसआय (टायरमधला दाब मोजायचं एकक), आणि दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर लिहिलेत 33. म्हटलं अरे वाटेत हवा का नाही भरलीस, तर म्हणाला यात नायट्रोजन आहे, साधी हवा मिक्स करायची नाही असं सांगितलंय आणि नायट्रोजन वाटेत कुठे मिळाला नाही, म्हणून आठवडाभर तसाच चालवतोय.

हे ऐकून मला खरंच भीती वाटली. हवा कमी असली की टायरची साईडवॉल, म्हणजे बाजूची भिंत, प्रत्येक फेऱ्याला जास्त दुमडते, त्यातून उष्णता तयार होते, आणि हायवेच्या स्पीडला ती इतकी वाढू शकते की आतले थर सुटून टायर फुटतो. आणि हे सगळं कशासाठी, तर साधी हवा मिसळू नये म्हणून, जिच्यात मुळातच 78 टक्के नायट्रोजन असतो! उरलेला 21 टक्के ऑक्सिजन आणि थोडा आरगॉन वगैरे. मिक्स केल्याने काहीही बिघडत नाही, फक्त नायट्रोजनचा टक्का थोडा खाली येतो, बस.

तसंही "शुद्ध नायट्रोजन" आपल्या टायरमध्ये सहसा नसतोच. टायर पूर्ण सोडला, गेज शून्य दाखवतंय, तरी आत बाहेरच्या इतक्याच दाबाची, म्हणजे 14.7 पीएसआयची हवा उरलेली असते. गेज फक्त त्याच्या वरचा दाब दाखवतं. त्यावर गेजच्या 33 पर्यंत, म्हणजे एकूण 47.7 पर्यंत नायट्रोजन भरला की आतल्या एकूण वायूत जवळजवळ 31 टक्के जुनी हवाच असते, म्हणजे साडेसहा टक्के ऑक्सिजन राहिलाच. तो घालवायचा तर दोन-तीन वेळा भरून सोडून परत भरावं लागतं.

मग नायट्रोजनचा फायदा काहीच नाही का? आहे, पण छोटा. टायरचं रबर आपल्याला घट्ट वाटतं पण वायूचे रेणू त्यातून हळूहळू झिरपत बाहेर जातात, आणि ऑक्सिजन नायट्रोजनपेक्षा साधारण तीन-चार पट वेगाने जातो. त्याचा रेणू किंचित लहान असतो (0.346 नॅनोमीटर, नायट्रोजनचा 0.364) आणि रबरात तो विरघळतोही जास्त. नायट्रोजन बनवणारी बरीचशी मशीन्ससुद्धा याच तत्त्वावर चालतात, बारीक नळ्यांच्या पडद्यातून ऑक्सिजन आधी निसटतो आणि नायट्रोजन मागे राहतो. मला यातली सगळ्यात आवडती गोष्ट ही की आपला टायरही तेच करत असतो, ऑक्सिजन आधी जातो, आपण वरून हवा भरतो, परत ऑक्सिजन आधी जातो, असं करत करत साध्या हवेच्या टायरमध्येही नायट्रोजनचं प्रमाण हळूहळू वाढतच जातं.

आता प्रत्यक्षात फरक किती? ग्राहकांसाठी वस्तू तपासून बघणाऱ्या अमेरिकेतल्या कन्झ्युमर रिपोर्ट्स या संस्थेने 2006-07 मध्ये टायरची 31 मॉडेल्स 30 पीएसआयला भरून वर्षभर बाहेर नुसते ठेवून दिले होते. हवेचे टायर सरासरी 3.5 पीएसआयने उतरले, नायट्रोजनचे 2.2 ने. म्हणजे वर्षाला 1.3 पीएसआयचा फरक, आणि उतरले दोन्ही.

"नायट्रोजन गरम होत नाही, दाब वाढत नाही" हे मात्र चूक आहे. 25 अंशाला 33 पीएसआय असलेला टायर पळून 50 अंशावर गेला की साधारण 37 दाखवणार, मग आत कोरडी हवा असो की नायट्रोजन, या तापमानाला दोन्ही एकाच नियमाने वाढतात. फरक पडतो तो पाण्यामुळे. कॉम्प्रेसरच्या टाकीतलं पाणी काढलं नसेल आणि हवेबरोबर थेंब आत गेले, तर तेवढ्याच तापमानवाढीत वाफेमुळे दाब आणखी सव्वा पीएसआय वर जातो. नायट्रोजन कोरडा असतो हा त्याचा खरा गुण, आणि रेसिंगवाल्यांना जिथे टायर खूप जास्त तापतो आणि अर्धा पीएसआयही जाणवतो तिथे तो कामाचा.

विमानांच्या टायरमध्ये नायट्रोजन भरतात त्याचं म्हणाल तर तिथे प्रश्न आगीचा आहे. 31 मार्च 1986 ला मेक्सिकाना या मेक्सिकोच्या विमान कंपनीच्या फ्लाइट 940 चा, म्हणजे एका बोईंग 727 विमानाचा ब्रेक टेकऑफच्या वेळी घासत राहून प्रचंड तापला, टायरमध्ये नायट्रोजनऐवजी हवा होती, उड्डाणात टायर फुटला, इंधनाच्या आणि हायड्रॉलिकच्या लाइन तुटल्या आणि 167 माणसं गेली. खूप तापलेल्या रबरातून ज्वलनशील वाफा निघतात आणि आतला ऑक्सिजन त्यांना पेटू देतो, म्हणून मोठ्या विमानांना नायट्रोजन लागतोच. रोजच्या कारचा टायर त्या तापमानाच्या जवळपासही जात नाही.

त्यामुळे माझं मत सरळ आहे, फुकट मिळत असेल तर भरा, जास्त पैसे देऊन नको, आणि काहीही भरलं तरी महिन्यातून एकदा, गाडी तीनेक तास उभी राहून टायर थंड असताना गेज लावा, स्टेपनीलाही लावा. चारही टायरचा सरासरी दाब 1 पीएसआय कमी झाला की मायलेज साधारण 0.2 टक्क्याने घटतं, ते वेगळंच.

भावाच्या टायरमध्ये आम्ही तिथल्या तिथे साधी हवा भरली आणि वॉल्व्हवर साबणाचं पाणी सोडलं. बारीक बारीक बुडबुडे यायला लागले. वॉल्व्हची पिनच लीक होती, तिथून नायट्रोजनही तितक्याच आरामात जात होता. पिन बदलली, पंधरा दिवसांनी त्याने फोन करून सांगितलं, 33 च आहे.