हिरव्या शेंगेला वास नसतो

गेल्या महिन्यात माझ्या भाचीने पणजीतल्या एका दुकानातून व्हॅनिलाचा परफ्यूम आणला. खोक्यात एक गुलाबी कार्ड होतं. हा उबदार सुगंध निवडणारी व्यक्ती प्रेमळ असते, घरात रमते, वरून शांत वाटली तरी आतून हळवी असते, असं त्यावर छापलेलं. तिने ते मला वाचून दाखवलं आणि म्हणाली, "मावशी, अगदी मीच की गं ही! अत्तरवाल्यांना कसं कळतं?"

मी रसायनशास्त्र शिकवते, त्यामुळे घरातले असे प्रश्न माझ्याकडेच येतात. वर्णन तिला लागू पडत होतं, हे खरं. पण ते मलाही लागू होतं आणि शेजारच्या काकूंनाही. १९४८ मध्ये बर्ट्रम फोरर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने आपल्या ३९ विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि प्रत्येकाला त्याच्या स्वभावाचं वर्णन लिहून दिलं. ते किती जुळतं, याला विद्यार्थ्यांनी ५ पैकी सरासरी ४.२६ गुण दिले. प्रत्यक्षात सगळ्यांच्या हातात एकच मजकूर होता, आणि तो भविष्याच्या पुस्तकातून घेतलेला होता. गुलाबी कार्ड त्याच जातीचं.

मग व्हॅनिलाच्या वासात माणसाबद्दल काहीच नसतं का? त्यासाठी मी तिला फोंड्याजवळच्या एका कुळागरात घेऊन गेले. पोफळींच्या सावलीत, मिरवेलीच्या शेजारी व्हॅनिलाचा वेल चढवलेला होता. हे मूळचं मेक्सिकोचं ऑर्किड. फूल सकाळी उमलतं आणि त्याच दिवशी मिटतं. पुंकेसर आणि स्त्रीकेसर यांच्यामध्ये एक नाजूक पडदा असतो, म्हणून आपल्याकडे परागण हातानेच करावं लागतं. बागेतल्या बाईंनी माडाच्या झावळीचा हीर घेतला, त्याच्या टोकाने तो पडदा उचलला आणि अंगठ्याने पराग हलकेच दाबला. एका फुलाला काही सेकंद. ही युक्ती १८४१ मध्ये हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर एदमों आल्बियस या १२ वर्षांच्या गुलाम मुलाने शोधली. मेक्सिकोबाहेर व्हॅनिलाची शेती उभी राहिली ती त्याच्या बोटांमुळे, आणि त्याला स्वातंत्र्य मिळालं ते सात वर्षांनी, बेटावरची गुलामगिरी संपली तेव्हा. तो हीर बघताना माझ्या मनातून हा मुलगा जात नव्हता.

बाईंनी भाचीच्या हातात एक हिरवी शेंग दिली. तिने नाकाला लावली. "हिला तर वासच नाही!"

नसतोच. शेंगेतलं व्हॅनिलिन, म्हणजे व्हॅनिलाच्या वासाचा मुख्य रेणू, साखरेच्या रेणूला बांधलेलं असतं आणि बांधलेला रेणू हवेत उडत नाही. शेंगा गरम पाण्यातून काढतात, कापडात गुंडाळून घाम येऊ देतात, मग कित्येक आठवडे सुकवतात. या सगळ्यात शेंगेतलीच विकरं (एन्झाइम) ती गाठ सोडवतात आणि तेव्हा कुठे शेंग काळी, मऊ आणि सुवासिक होते. तिच्या परफ्यूममध्ये मात्र शेंग असण्याचा संभव फार थोडा. १८७४ मध्ये टीमान आणि हारमान या जर्मन रसायनज्ञांनी पाइनच्या रसातल्या एका द्रव्यापासून व्हॅनिलिन तयार केलं, आणि आज जगातलं बहुतेक व्हॅनिलिन कारखान्यातूनच येतं. रेणू तोच. तो जड आहे, सावकाश उडतो, म्हणून लिंबू-संत्र्याचे वास तासाभरात विरले तरी व्हॅनिला संध्याकाळपर्यंत ओढणीला राहतो. आपल्या मे महिन्यातल्या दमट उकाड्यात तो अंगावरून जास्तच उठतो. मी तर त्या दिवसांत एकाच फवाऱ्यावर थांबायला सांगेन.

आता 'उबदार' या शब्दाकडे वळू. पुदिन्यातलं मेंथॉल गार लागतं आणि मिरची जाळते, कारण दोन्ही चेहऱ्यातल्या वेदना आणि तापमान ओळखणाऱ्या नसेला चेतवतात. व्हॅनिलिन त्या नसेच्या वाटेला जवळजवळ जातच नाही. म्हणजे त्याची ऊब नाकात नसते, ती आठवणीतून येते. वासाचा निरोप मेंदूत भावना आणि स्मृती सांभाळणाऱ्या भागांपर्यंत फार थोड्या टप्प्यांत पोचतो. दृश्य आणि आवाज यांना आधी थॅलॅमस या मेंदूतल्या मधल्या थांब्यातून जावं लागतं, वासाला तो वळसा नाही.

मात्र सगळंच आठवणीचं, असं म्हणता येत नाही. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जंगलात शिकार करून जगणाऱ्या जमातींपासून मोठ्या शहरांतल्या रहिवाशांपर्यंत वेगवेगळ्या समाजांतल्या लोकांनी दहा वास आवडीच्या क्रमाने लावले. सगळ्यांत आवडता ठरला व्हॅनिलिन. आवडीनिवडीतल्या फरकाचा सुमारे ४१ टक्के वाटा रेणूचा होता, ५४ टक्के त्या त्या माणसाचा आणि संस्कृतीचा जेमतेम ६ टक्के. जो वास जवळपास सगळ्या जगाला आवडतो, तो आवडला म्हणून एखाद्या मुलीचा स्वभाव कसा कळणार?

त्या ५४ टक्क्यांत काय दडलेलं असतं, याची एक सुंदर झलक १९९९ मधल्या जर्मन प्रयोगात दिसते. तिथे एके काळी बाटलीच्या दुधात व्हॅनिला घालत. अशा दुधावर वाढलेल्या बहुतेकांना मोठेपणी व्हॅनिलिन मिसळलेला केचप जास्त आवडला, आईच्या दुधावर वाढलेल्या बहुतेकांना साधा. केचपमध्ये व्हॅनिला कोणी शोधत नाही, पण जिभेला बाळपण ओळखता आलं.

स्वभावाचा थोडाफार सुगावा लागतो तो अत्तराविना अंगाच्या वासातून. पोलंडमध्ये २०१२ च्या एका अभ्यासात लोकांनी तीन रात्री वापरलेले सुती टी-शर्ट अनोळखी माणसांना हुंगायला दिले. काही गुणांबाबत, उदाहरणार्थ माणूस किती बहिर्मुख आहे, त्यांचे अंदाज निव्वळ नशिबापेक्षा किंचित बरे निघाले. त्याच वर्षीच्या चेक अभ्यासात दिसलं की आपण निवडलेलं अत्तर आपल्या अंगाच्या वासात दुसऱ्याने दिलेल्या अत्तरापेक्षा छान मिसळतं. माझ्या मते अत्तराची निवड काही सांगत असेल तर ते आधी त्वचेबद्दल आणि मग लहानपणाबद्दल.

परतीच्या वाटेवर मी भाचीला विचारलं, "हा वास घेतला की तुला पहिल्यांदा काय आठवतं?"

ती थोडा वेळ खिडकीबाहेर बघत राहिली. "आजीचं कपाट. नाताळात शेजारच्यांसारखा केक करायची ना ती, त्याच्या इसेन्सची तपकिरी बाटली वरच्या फळीवर असायची. हात लावायचा नाही म्हणून ताकीद होती. मी स्टुलावर चढून चोरून हुंगायची. एकदा चाटलंसुद्धा. असं कडू! आणि तेवढ्यात दाराशी तिची चाहूल."

हे सांगताना तिचा श्वास वर चढला होता, जणू आजी अजून दाराशी उभी होती.